दुसऱ्याचं वाक्य आपल्या वहीत : मुलांना हे आपण कधी शिकवतो?

मुठाकाठ (सोमवार, रात्री ९:५०)

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. गेले पंधरा दिवस एम. ए.च्या प्रबंधिका तपासतेय. त्यातल्या एकीचा विषय पानशेतचा पूर. मुलगी कष्टाळू आहे, वर्गात प्रश्न विचारणारी. तिसऱ्या प्रकरणात एका परिच्छेदाशी मी अडखळले. वाक्यं ओळखीची वाटत होती. दोन ओळी पुढे गेले आणि कळलं, हे माझंच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात नदीकाठच्या वाड्यांवर लेख लिहिला होता, त्यातला हा परिच्छेद. शब्दन् शब्द तोच, स्वल्पविरामांसकट. माझ्या हातून तेव्हा राहिलेली लिंगाची एक चूकही तशीच उतरलेली.

तिला बोलावून घेतलं. ती घाबरली नाही, आणि मला तेच जास्त लागलं. आपलं काही चुकलंय हे तिच्या गावीही नव्हतं. म्हणाली, "मॅडम, इतकं छान लिहिलेलं होतं, मी बदललं असतं तर बिघडलं असतं." लेख माझा आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं तो एका संकेतस्थळावर वाचला होता आणि तिथेही माझं नाव नव्हतं. म्हणजे आधी कुणीतरी नाव काढून टाकलं आणि मग हिनं बिननावाचं समजून उचललं.

पुढे ती जे बोलली ते मनातून जात नाही. "शाळेत व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहिली की अर्धे मार्क जायचे. पुस्तकातल्यासारखी लिहिली की पैकीच्या पैकी." खरं आहे हे. मीही तशीच शिकले. गाईडमधलं उत्तर पाठ करून जो जसंच्या तसं उतरवतो तो हुशार, आणि अडखळत का होईना स्वतःचं मांडतो तो कच्चा, हे आपण त्यांना पहिलीपासून दाखवतो. पंधरा वर्षं ज्याला शाबासकी दिली त्यालाच सोळाव्या वर्षी वाङ्मयचौर्य म्हणतो, आणि मधल्या काळात फरक सांगायला कुणी जात नाही.

म्हणून हा धागा. शिक्षा काय द्यावी यापेक्षा मला हे विचारायचंय की शिकवावं कसं. तुम्ही कुणाकडून शिकलात? की शिकलातच नाही?

अक्षरवेल (सोमवार, रात्री १०:३०)

ताई, तुमच्या विद्यार्थिनीच्या जागी मी होते. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी पहिला सिमिलॅरिटी रिपोर्ट (लेखन दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतं हे सांगणारा यंत्राचा अहवाल) आला, ३४ टक्के. रात्रभर झोप नाही. ज्यांना विचारलं ते सगळे एकच म्हणाले, "शब्द बदल, टक्के उतरतील." मी आठवडाभर बसून तेच केलं. 'महत्त्वाचा'चं 'मोलाचा', 'कारणीभूत'चं 'जबाबदार', कर्तरी वाक्याचं कर्मणी. रिपोर्ट ८ टक्क्यांवर आला. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

पण मला माहीत होतं. दुसऱ्या प्रकरणातला अख्खा युक्तिवाद, कुठला मुद्दा आधी आणि कुठला नंतर हे सगळं, एका ज्येष्ठ संशोधकाचं होतं. त्यांचं नाव त्या बारा पानांत एकदाही नव्हतं. यंत्राला ते दिसलं नाही. मला दिसत होतं. शेवटी प्रबंध सादर करण्याआधी ते प्रकरण मोडलं आणि पुन्हा लिहिलं, चार महिने गेले. त्या चार महिन्यांत मी जे शिकले ते आधीच्या तीन वर्षांत शिकले नव्हते.

शोधयात्री (मंगळवार, सकाळी ७:१५)

टक्क्यांबद्दल इतके गैरसमज आहेत की नियम काय म्हणतो ते आधी सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे विनियम आहेत. प्रबंध आणि प्रबंधिकांसाठी त्यांत चार पायऱ्या आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, त्याला जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० असेल तर सुधारित प्रतही वर्षभर देता येत नाही. ६०च्या वर गेलं तर त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द.

आता जे कुणी वाचत नाही ते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीत धरायची नाहीत. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश धरायचे नाहीत. कायद्याची कलमं, प्रमाण सूत्रं, सर्वसाधारण संज्ञा धरायच्या नाहीत. सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगानं जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळायचे. उलट गोषवारा, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी यांत दुसऱ्याशी साम्य असताच कामा नये, कारण ते तुमचं स्वतःचं म्हणूनच तुम्ही देता.

म्हणजे रिपोर्टमधला आकडा साम्याचा आहे, चोरीचा नाही. तीस टक्के साम्य असलेला प्रबंध निखळ प्रामाणिक असू शकतो, अवतरणं न वगळता यंत्र चालवलं असेल तर. आणि चार टक्क्यांचा प्रबंध पूर्ण उसना असू शकतो, अक्षरवेल यांनी सांगितलं तसा. दहा टक्क्यांची सूट म्हणजे दहा टक्के उचलायची परवानगी, असं समजणारे मार्गदर्शकही मी पाहिलेत. त्यांना भेटलं की वाईट वाटतं.

कोथरूडची_आई (मंगळवार, सकाळी ९:०५)

माझी मुलगी नववीत आहे. प्रकल्प आला की वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी पीडीएफ टाकतं, झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्पाच्या प्रतीसुद्धा मिळतात, वर नाव तेवढं आपलं लिहायचं. मी नाही म्हटलं तर ती रडते, "सगळे तसंच करतात, माझाच प्रकल्प साधा दिसतो." खोटं बोलायचं नाही असं मी तिला एरवी सांगते आणि इथे गप्प बसते. या वयात तिला नेमकं काय सांगू?

मुठाकाठ (मंगळवार, सकाळी ९:४०)

@कोथरूडची_आई, तिला संदर्भाच्या पद्धती वगैरे आत्ता काही सांगू नका. दोनच सवयी लावा. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि घरात कुणाला तरी तोंडी सांगायचं, आजीला, तुम्हाला. सांगताना जे शब्द येतील ते तिचे. मग वही उघडायची. आणि प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर साध्या मराठीत लिहायचं, 'ही माहिती मी अमुक पुस्तकातून घेतली, हे चित्र अमुक ठिकाणचं आहे, हा तक्ता काढायला बाबांनी मदत केली.' तो प्रकल्प साधा दिसला तर दिसू द्या. शाळेतल्या बाईंना शक्य झालं तर भेटा. एखादी बाई जरी वर्गात म्हणाली की मला शेवटचं पान आधी वाचायचंय, तरी पुष्कळ बदलतं.

जुना_ग्रंथपाल (मंगळवार, दुपारी १:२०)

आयुष्यभर पुस्तकांच्या कपाटांमध्ये राहिलो, त्यामुळे या विषयावर थोडं सविस्तर लिहितो. सांभाळून घ्यावं.

उचलेगिरीची सुरुवात लिहिताना होत नाही, टिपणं काढताना होते. मुलं ग्रंथालयात येतात, पुस्तकातलं वहीत उतरवतात. कुठलं वाक्य जसंच्या तसं, कुठलं आपल्या शब्दांत, आणि कुठला विचार वाचता वाचता आपल्याच डोक्यात आला, याची खूण करत नाहीत. तीन महिन्यांनी वही उघडली की सगळं त्यांच्याच अक्षरात असतं. आपल्या अक्षरात आहे म्हणजे आपलंच, असं मन प्रामाणिकपणे मानतं. हल्ली वही नाही, मोबाइलवर फोटो काढतात किंवा थेट कॉपी करून फाइलीत चिकटवतात. धोका तोच, उलट वाढलाय, कारण आता अक्षरही आठवण देत नाही.

पुण्यात राहून या बाबतीत आपल्याला बाहेर शोधायला जायची गरज नाही. येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचं काम १९४८पासून चाललंय. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून काढलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथे आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि कुठल्या ग्रंथात कुठे आला ते ठिकाण. ठिकाण नसलेली चिठ्ठी कोशाच्या कामाची नाही, मग शब्द कितीही दुर्मिळ असो.

भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या. काम १९१९ला सुरू झालं, १९६६ला पूर्ण. १९ खंड, १,२५९ हस्तलिखितं. त्यातलं कुठलंही पान उघडून मुलांना दाखवा. वर श्लोक, आणि खाली बारीक टायपात कुठल्या पोथीत कुठला पाठ आहे याच्या नोंदी. संपादकांनी एक शब्द निवडला तर न निवडलेले शब्दही वाचकापुढे ठेवले, कुणाकडून आले ते सांगून. पटत नसेल तर तुम्ही तपासा, अशी ती व्यवस्था आहे. मला यापेक्षा मोठा प्रामाणिकपणा माहीत नाही.

मुठाकाठ यांनी लिहिलं की त्यांची चूकही तशीच उतरली. पोथ्यांच्या अभ्यासात हेच पाहतात. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी सापडली की ओळखायचं, एकीवरून दुसरी उतरवली आहे किंवा दोन्हींचं मूळ एक आहे. बरोबर शब्द दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकतो. तीच चूक तशी सुचत नाही.

मुलांना मी शिकवायचो ती पद्धत अशी. टिपणाच्या समासात तीन खुणा. जसंच्या तसं असेल तर अवतरणचिन्ह आणि 'अ', पुढे पृष्ठ क्रमांक, लगेच, 'नंतर लिहू' नाही. आपल्या शब्दांत सारांश असेल तर 'सा', त्यालाही पृष्ठ क्रमांक. आपला विचार असेल तर 'मी'. महिनाभर केलं की अंगवळणी पडतं. आणि वहीत 'मी' फार कमी दिसायला लागले की समजायचं, वाचन झालंय, विचार व्हायचाय.

अक्षरवेल (मंगळवार, दुपारी २:००)

काका, ही 'अ-सा-मी' पद्धत मला आठ वर्षांपूर्वी हवी होती. मी आता झोटेरो हा संदर्भ साठवायचा प्रोग्रॅम वापरते, फुकट आहे, पुस्तकाचा तपशील नीट साठवतो. पण खुणा कुठल्या करायच्या हे तो सांगत नाही. ते आपणच करायचं.

वारीची_वाट (मंगळवार, सायंकाळी ६:४५)

सगळं वाचलं. तरी मनात एक शंका आहे, ती मोकळेपणानं मांडतो. आपल्याकडे विचार कुणा एकाच्या मालकीचा मानलाच नाही. कीर्तनकार तुकोबांचा अभंग घेतो, नाथांचा घेतो, दृष्टांत आधीच्या कीर्तनकाराचा घेतो. शेतकऱ्याची ओवी कुणी रचली हे कुणी विचारत नाही. ज्ञान वाटल्यानं वाढतं म्हणतो आणि इथे प्रत्येक वाक्याला मालक शोधत बसायचं? हे पाश्चात्त्यांकडून आलेलं नाही का? खेड्यातून आलेल्या मुलाला आधीच प्रमाण भाषेचं दडपण, त्यात हे.

दोन_भाषा (मंगळवार, रात्री ९:१०)

@वारीची_वाट, दडपणाचा मुद्दा मान्य. त्याबद्दल पुढे बोलू. पण परंपरेबद्दल मला नेमकं उलटं दिसतं.

अभंग गाताना कीर्तनकार 'तुका म्हणे' गाळतो का? कधीच नाही. गाळला तर समोरची माळकरी मंडळीच त्याला थांबवतील. 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे' ही नुसती सही नाही, हे बोल कुणाचे ते श्रोत्याला सांगणं आहे. नाथ तर एक पाऊल पुढे गेले. 'एका जनार्दनी' म्हणताना त्यांनी आपल्या नावाला गुरूचं नाव जोडलं. रचना माझी, पण मला हे मिळालं कुणाकडून तेही त्याच ओळीत.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउली म्हणतात, 'तैसा व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारातें वाट पुसतु'. व्यासांच्या पावलांमागून, आधीच्या भाष्यकारांना वाट विचारत. नऊ हजार ओव्यांचा अपूर्व ग्रंथ लिहिणारा माणूस हे सांगतो, आणि त्यानं त्याचं अपूर्वपण कमी होत नाही.

आणि चोरीची दुसरी बाजूही आपल्या परंपरेला ठाऊक होती : आपलं लेखन दुसऱ्याच्या नावावर घुसडणं. तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये लोकांनी पदरच्या ओव्या मिसळल्या होत्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि बजावलं की जो कुणी यात आपली ओवी घालेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, ठेवली असं समजा. आज थोर लेखकांच्या नावावर कुणाच्याही कविता फिरतात आणि मुलं त्या निबंधात 'अमुक म्हणतात' म्हणून घालतात. ती नरोटीच आहे. मूळ पुस्तकात सापडलं नाही तर त्या नावानं लिहू नये.

तेव्हा पाश्चात्त्य आहे ते अवतरणचिन्ह. मराठीत ते एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर आणि मेजर कँडी या इंग्रज कोशकाराच्या खटपटीतून रुळलं. 'म्हणे' त्याआधीपासून आहे.

वारीची_वाट (मंगळवार, रात्री ९:५५)

नरोटीची ओवी लहानपणापासून ऐकतोय, पण ती अशी कधी वाचली नव्हती. पटलं. कीर्तनात 'तुका म्हणे' आलं की टाळ वाढतात, ते आठवलं.

दडपणाचा प्रश्न मात्र माझ्यासाठी उभाच आहे. माझा पुतण्या बीडहून इथे शिकायला आलाय. तो म्हणतो, "काका, पुस्तकातली भाषा माझी नाही. माझ्या भाषेत लिहिलं तर सर हसतील, म्हणून मी त्यांचीच वाक्यं वापरतो."

मुठाकाठ (मंगळवार, रात्री १०:३०)

@वारीची_वाट, हे वाचून गप्प झाले. पुतण्याला सांगा, पहिला खर्डा घरच्या बोलीत लिही. आमच्या वर्गात मी आता तसं करायला सांगते. विचार एकदा कागदावर आपला आला की प्रमाण भाषेत नेणं हे नुसतं घासून-पुसून काढण्याचं काम आहे, त्याला मदत घेता येते. उसन्या वाक्यापासून सुरुवात केली की विचार येतच नाही. आणि कुणी शिक्षक बोलीला हसत असतील तर दोष त्यांचा आहे. हे मी शिक्षक म्हणून लिहितेय.

पर्वतीपायथा (बुधवार, सकाळी ८:२०)

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे दुसऱ्याचा कोड वापरणं रोजचं आहे आणि त्यात गैर काही नाही, पण परवान्यात लिहिलं असतं की मूळ लेखकाचं नाव आणि परवान्याची सूचना काढायची नाही. ते काढणाऱ्याला आमच्यात कुणी मान देत नाही.

मला चिंता आहे ती चॅटजीपीटीची. नोव्हेंबर २०२२मध्ये तो आला, तेव्हापासून इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांचे अहवाल बदलले. भाषा सफाईदार, आणि व्हायवात दोन प्रश्न विचारले की मुलगा गप्प. एका अहवालात पाच पुस्तकांचे संदर्भ होते, लेखक, साल, प्रकाशक सगळं. त्यातली तीन पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. ही यंत्रं शब्दामागून शब्द जुळवतात, त्यामुळे खऱ्यासारखा दिसणारा संदर्भही रचतात. मुलाला त्याचं काही वाटलं नव्हतं, त्यानं तपासलंच नव्हतं. न वाचलेलं पुस्तक संदर्भात घालणं आधीही चालायचं, आता न छापलेलंही घालता येतं.

मी मुलांना यंत्र वापरू नका म्हणत नाही, ते खोटं ठरेल. काय विचारलं, काय घेतलं, काय तपासलं, हे अहवालात लिहा म्हणतो.

शोधयात्री (बुधवार, सकाळी ११:००)

सहमत. आणि ज्या विभागाचा नियम 'वापरायचंच नाही' असा आहे तिथे सांगूनही वापरता येत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगायला हवं. आधी विचारा.

दोन_भाषा (बुधवार, दुपारी ३:४०)

माझ्या व्यवसायातली एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मी अनुवादक आहे. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून तो स्वतःचा म्हणून देणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि करणाऱ्याला वाटतं की भाषांतराची मेहनत केली म्हणजे लेखन आपलं. मेहनत तुमची, खरंच. लेख त्याचा. भाषा ओलांडली म्हणून मालकी ओलांडत नाही. साम्य शोधणारं यंत्र हे बहुतेक वेळा पकडत नाही, म्हणून तर जास्त जपायचं. इंग्रजीतलं वाक्य मराठीत आणून अवतरणचिन्हांत घातलंत तर शेजारी 'अनुवाद माझा' एवढे दोन शब्द लिहा. शब्द मूळ लेखकाचे नाहीत हे वाचकाला कळायला हवं.

दुसरं, ऐकीव अवतरणं. समजा लोकहितवादींचं शतपत्रांतलं एक वाक्य हवंय. ती पत्रं १८४८पासून 'प्रभाकर' या साप्ताहिकात आली. विद्यार्थी ते वाक्य आजच्या एखाद्या लेखकाच्या पुस्तकात वाचतो आणि संदर्भ देतो थेट १८४८च्या 'प्रभाकर'चा, जणू त्यानं ती फाइल स्वतः चाळली. हेही खोटंच. एक तर मूळ गाठा, शतपत्रांच्या आवृत्त्या ग्रंथालयांत मिळतात, नाहीतर सरळ लिहा की अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत. मधला माणूस चुकला असेल तर ती चूक तुमच्या नावावर लागायची नाही. माझ्या अनुभवात मूळ पाहायला गेलं की निम्म्या वेळा वाक्य थोडं वेगळं निघतं आणि कधी अर्थच उलटा.

आणि प्रताधिकाराची, म्हणजे कॉपीराइटची, वाङ्मयचौर्याशी गल्लत करू नका. आपल्या १९५७च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी खुलं होतं. तुकोबा कायद्यानं केव्हाच खुले आहेत. म्हणून त्यांची ओळ नाव न घेता आपली म्हणून खपवायची का? कायदा तुम्हाला पकडणार नाही, पण ते वाङ्मयचौर्यच. उलट प्रताधिकार असलेल्या पुस्तकातला छोटा उतारा समीक्षेसाठी, संशोधनासाठी, नाव देऊन घ्यायला तोच कायदा मुभा देतो.

कोथरूडची_आई (बुधवार, सायंकाळी ५:३०)

मग प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचा का? कुठे थांबायचं?

मुठाकाठ (बुधवार, रात्री ९:३०)

@कोथरूडची_आई, चांगला प्रश्न. माझ्या विद्यार्थिनीबरोबर आज दोन तास बसले होते, तिथलंच उदाहरण देते.

पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला. धरण आंबी नदीवर, तेव्हा बांधकाम पूर्ण व्हायचं होतं, त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं. हे पुण्यात कुणालाही विचारा, चार ठिकाणी तेच सापडेल. याला संदर्भ नको. पण किती माणसं गेली? आकडे ठिकठिकाणी वेगळे आहेत. तिथे संदर्भ हवाच, आणि वेगळा आकडा देणारा दुसरा स्रोतही सांगायला हवा. धरण का फुटलं? ते कुणीतरी अभ्यास करून मांडलेलं मत आहे, तिथे नाव हवंच. ज्यावर दोन जाणती माणसं भांडू शकतील तिथे नाव घ्या, असं मी तिला म्हटलं.

आता तो परिच्छेद. माझं मूळ असं होतं : 'पूर ओसरल्यावर माणसं परतली ती घर पाहायला नव्हे, घराची जागा पाहायला. भिंती उभ्या होत्या, पण त्यांतली माती भिजून सुटली होती. त्यामुळे पुढचे दिवस घर वाचल्याच्या आनंदाचे नव्हते, ते कधी बसेल या धास्तीचे होते.'

समज दिल्यावर तिनं पहिल्यांदा बदललं ते असं : 'पाणी उतरल्यानंतर लोक परत आले ते घर बघण्यासाठी नाही, तर घराचं ठिकाण बघण्यासाठी. भिंती शाबूत होत्या, परंतु त्यांतील माती ओली होऊन सैल झाली होती.' अक्षरवेल यांनी आठवडाभर केलं तेच हे. हाडं माझी, कातडं तिचं. नाव दिलं तरी हे बरोबर नाही, कारण नाव दिल्यावर वाचक समजतो की मांडणी तरी तिची आहे.

मी तिला लेख मिटायला सांगितला आणि विचारलं, "तुला यातलं काय पटलं? काय नाही पटलं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, माझी आत्याआजी तेव्हा नारायण पेठेत होती. ती म्हणते, भिंतीचं भय होतंच, पण त्याहून जास्त भय पाण्याचं होतं. आडात गाळ शिरला होता." हे तिनं प्रबंधिकेत लिहिलंच नव्हतं. का, तर ते पुस्तकातलं नाही म्हणून.

तिसऱ्यांदा तिनं लिहिलं (माझं नाव इथे गाळलंय) : 'भिजलेल्या भिंती कधी कोसळतील या धास्तीत लोक राहिले, असं या वाड्यांवर लिहिणाऱ्या लेखिका नोंदवतात. नारायण पेठेतल्या एका रहिवासी बाईंची आठवण याला दुजोरा देते. दिवाळीपर्यंत घरातले सगळे ओसरीवर झोपत, आतल्या खोलीत कुणी जात नसे. मात्र त्यांच्या मते घराहून मोठी चिंता आडाच्या पाण्याची होती, आणि या लेखात तिचा उल्लेख नाही.'

शेवटचं वाक्य वाचून मला आनंद झाला. माझ्या लेखात तो उल्लेख नाहीच. मला सुचलाच नव्हता. माझं नाव घेतल्यामुळेच तिला मला खोडता आलं.

क्रियापदांवरही आम्ही बराच वेळ घालवला. तिनं आधी सगळीकडे 'सिद्ध करतात' लिहिलं होतं. मी विचारलं, मी सिद्ध काय केलंय? चार जुन्या माणसांशी बोलून लिहिलं होतं. मग 'नोंदवतात' आलं. म्हणतात, सुचवतात, मानतात, दाखवून देतात, कबूल करतात, यातला प्रत्येक शब्द वेगळं वजन उचलतो. दुसऱ्याच्या तोंडी त्यानं दिलं नव्हतं तेवढं वजन घालायचं नाही, हाही प्रामाणिकपणाच.

जुना_ग्रंथपाल (बुधवार, रात्री १०:१५)

हे वाचून समाधान वाटलं. त्या आत्याआजींशी झालेलं बोलणं कधी, कुठे झालं हे नोंदवून ठेवायला सांगा. टिपण किंवा ध्वनिमुद्रण जपून ठेवावं. आणि ते छापायची त्यांची परवानगी घ्यावी. घरची म्हातारी माणसं असली तरी त्यांचं सांगणं त्यांचं आहे.

अक्षरवेल (बुधवार, रात्री १०:४०)

काकांना अनुमोदन. माझ्या प्रबंधात आजीच्या ओव्या आहेत. तिला विचारायचं मला सुचलंही नव्हतं. आता ती नाही.

मुठाकाठ (शनिवार, दुपारी १२:१०)

काका, तुमचा निरोप तिला दिला. ती काल आत्याआजींकडे जाऊन आली. त्यांनी लिहायला हरकत नाही म्हटलं, पण नाव नको, शेजारच्यांबद्दलही काही बोलल्या आहेत म्हणून. मुलगी गोंधळली होती. एकीकडे नाव द्या म्हणता, आणि इथे नाव द्यायचं नाही? मी म्हटलं, कुणाकडून आलं हे लपवायचं नाही, पण त्यांनी सांगितलंय तेवढंच उघड करायचं. आणि नाव का नाही तेही लिहायचं.

माझ्या लेखासाठी तिनं ते संकेतस्थळ सोडलं, पुणे मराठी ग्रंथालयात जाऊन मूळ दिवाळी अंक काढला आणि पृष्ठ क्रमांक घेऊन आली. मधल्या संकेतस्थळानं दोन वाक्यं गाळली होती, तीही तिला तिथे सापडली.

आज सकाळी तिनं सुधारलेलं प्रकरण दिलं. आत्याआजींची तळटीप तिनं स्वतः लिहिली आहे, मी एक अक्षरही बदललं नाही : 'नारायण पेठेतील तत्कालीन रहिवासी, पुराच्या वेळी वय १७. लेखिकेने त्यांच्या घरी दोनदा बोलून टिपणे घेतली व ती त्यांना वाचून दाखवली. दुसऱ्या वेळी त्यांनी आडाबद्दलचे एक वाक्य दुरुस्त केले. नाव देऊ नये अशी त्यांची इच्छा आहे.'